अर्धांगवायूचे उपचार आणि रुग्णालयाचा दर्जा : मोजमाप न्यायाने कसे करावे?

आपल्या वस्तीत एखाद्याला अर्धांगवायूचा झटका आला की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो म्हणजे, "न्यायचे कुठे?" या प्रश्नाला शेजारीपाजारी तत्काळ उत्तरे देतात. कोणी म्हणतो, "सरकारी दवाखान्यात नेऊ नका, तिथे गेलेला माणूस परत येत नाही." दुसरा म्हणतो, "अमक्या नर्सिंग होममध्ये न्या, तिथे कोणी दगावत नाही." कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो, तर कोणी देवऋषी सुचवतो. यातील शेवटचे दोन सल्ले अंधश्रद्धेचे आहेत हे आपल्या समाजबांधवांना वेगळे सांगायला नको. परंतु पहिले दोन सल्लेदेखील तपासून घेण्यासारखे असतात, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. "तिथे माणसे जास्त मरतात" हे वाक्य खरे असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा असू शकतो. तो कसा, हे समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही डॉक्टर नाही. बँकेत आकड्यांच्या संगतीत दिवस घालवणारे साधे कारकून आहोत. तथापि आकडा खरा असूनही हिशेब खोटा कसा ठरतो, याची ओळख आमच्या धंद्यात चांगली होते. रुग्णालयाचा दर्जा ठरवणे हाही शेवटी एक हिशेबच आहे. फरक इतकाच की येथे रकमेच्या जागी माणसे असतात.

रोग कोणता आणि घाई कशासाठी?

अर्धांगवायू, पक्षाघात, लकवा ही सारी एकाच आजाराची नावे. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात. हा हातापायाचा आजार नसून मेंदूचा आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत १,५६,८६१ लोकवस्तीच्या एका भागाची पाहणी केली. तीत प्रथमच झटका आलेले ४५६ रुग्ण आढळले. म्हणजे दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५. त्यांपैकी ८० टक्क्यांना गुठळीचा व सुमारे १८ टक्क्यांना रक्तस्रावाचा झटका होता. झटका आल्यापासून २८ दिवसांच्या आत २९.८ टक्के रुग्ण मरण पावले. दहातील तीन माणसे महिना पुरा होण्याआधी जातात, इतका हा आजार गंभीर आहे.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन उपयोगी पडते हे १९९५ साली अमेरिकेतील चाचणीने सिद्ध झाले. तेव्हा त्याची मुदत झटक्यापासून तीन तासांची होती. २००८ साली युरोपातील चाचणीनंतर ती साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी गुठळी तारेच्या साहाय्याने बाहेर काढण्याचा उपचार २०१५ मध्ये निर्विवाद मान्य झाला, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही करता येतो. परंतु मुदत वाढली म्हणून थांबून चालत नाही. मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असता दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला आहे. शिवाय रक्तस्राव झालेल्या रुग्णाला हेच इंजेक्शन घातक ठरते. म्हणून आधी सीटी स्कॅन आणि मग उपचार, हा क्रम चुकवता येत नाही.

एवढी माहिती मिळाल्यावर एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आलीच असेल. रुग्णाचे काय होणार हे रुग्णालयाच्या कौशल्यावर अवलंबून असतेच, परंतु झटका किती मोठा होता, तो कोणत्या प्रकारचा होता, रुग्णाचे वय काय आणि तो किती उशिरा पोहोचला, यांवरही ते तितकेच अवलंबून असते. यातले काहीही रुग्णालयाच्या हातात नसते. सगळा तंटा येथूनच सुरू होतो.

टक्केवारीची जुनी फसगत

रुग्णालयांची मृत्यूच्या आकड्यांवरून तुलना करण्याची कल्पना नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर परिचारिकेने १८६३ साली आपल्या रुग्णालयविषयक पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत इंग्लंडच्या रुग्णालयांचा एक तक्ता छापला. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण ९०.८४ टक्के दाखवले होते. मोठ्या शहरांतील १२ रुग्णालयांत ते ८३.१६ टक्के, तर परगण्यांच्या २५ रुग्णालयांत केवळ ३९.४१ टक्के होते. हे वाचून कोणालाही वाटेल की लंडनच्या रुग्णालयात पाय ठेवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण!

हिशेब मात्र असा होता. लंडनच्या त्या रुग्णालयांत १८६१ सालच्या संपूर्ण वर्षात ३,८२८ मृत्यू झाले. त्यांना भागले ते ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी खाटांवर असलेल्या ४,२१४ रुग्णांच्या संख्येने. वरचा आकडा वर्षाचा आणि खालचा एका दिवसाचा! एका खाटेवर वर्षात अनेक रुग्ण येऊन जातात, त्यांची गणतीच झाली नाही. बँकेतले उदाहरण द्यायचे तर, वर्षभरात काढलेल्या रकमेला एका दिवसाच्या शिल्लकीने भागण्यासारखे हे झाले. त्या काळच्या वैद्यकीय पत्रांनी यावर सडकून टीका केली. शहरातील रुग्णालयांत गंभीर रुग्ण अधिक येतात, हाही आक्षेप त्यात होता. तथापि नाइटिंगेलबाईंचे ऋण विसरता येणार नाही. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच योग्य आहे.

यानंतर सव्वाशे वर्षे लोटली तरी फसगत संपली नव्हती. १९८६ साली अमेरिकन सरकारच्या खात्याने वृद्धांच्या विमा योजनेतील रुग्णांवरून रुग्णालयांच्या मृत्युदराची यादी प्रसिद्ध केली. अपेक्षेपेक्षा सर्वांत जास्त मृत्यू झालेल्या संस्थेत ८७.६ टक्के रुग्ण दगावले होते. हिशेबाप्रमाणे २२.५ टक्के अपेक्षित होते. चौकशीअंती कळले की ती संस्था अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणारी होती. मरणाऱ्यांची वेदना कमी करणे हेच तिचे काम. यादीने नेमके तिलाच सर्वांत वाईट ठरवले. पुढे १९९३ मध्ये त्या याद्यांचे प्रकाशन थांबवण्यात आले.

दोन रुग्णालयांचा हिशेब

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे, ही विनंती.

"अ" हे खासगी रुग्णालय आणि "ब" हे सरकारी रुग्णालय. दोहोंत वर्षाला अर्धांगवायूचे प्रत्येकी २०० रुग्ण आले.

"अ" मध्ये सौम्य झटक्याचे १५० रुग्ण, त्यांपैकी ९ मृत्यू. तीव्र झटक्याचे ५० रुग्ण, त्यांपैकी २० मृत्यू. एकूण मृत्यू २९, म्हणजे साडेचौदा टक्के.

"ब" मध्ये सौम्य झटक्याचे ५० रुग्ण, त्यांपैकी २ मृत्यू. तीव्र झटक्याचे १५० रुग्ण, त्यांपैकी ४८ मृत्यू. एकूण मृत्यू ५०, म्हणजे २५ टक्के.

वर्तमानपत्रात मथळा येईल : "सरकारी रुग्णालयात चौथा रुग्ण दगावतो!" परंतु जरा वर्गवार पाहू. सौम्य झटक्यात "अ" चे प्रमाण ६ टक्के, "ब" चे ४ टक्के. तीव्र झटक्यात "अ" चे ४० टक्के, "ब" चे ३२ टक्के. दोन्ही वर्गांत "ब" सरस आहे! तरीही एकूण बेरजेत ते वाईट दिसते, कारण दुसरीकडून नाकारलेला, हलवलेला, अत्यवस्थ रुग्ण त्याच्या दारात येतो.

मग न्यायाचा हिशेब कसा करावा? प्रथम दोन्ही रुग्णालयांचे रुग्ण एकत्र करून सर्वसाधारण प्रमाण काढावे. सौम्य झटक्याच्या २०० रुग्णांत ११ मृत्यू, म्हणजे साडेपाच टक्के. तीव्र झटक्याच्या २०० रुग्णांत ६८, म्हणजे ३४ टक्के. आता असे विचारावे की, ज्या प्रकारचे रुग्ण "अ" कडे आले तसे रुग्ण सर्वसाधारण रुग्णालयात गेले असते तर किती मृत्यू झाले असते? उत्तर येते सव्वापंचवीस. प्रत्यक्षात झाले २९, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. "ब" बाबत हाच प्रश्न विचारला तर अपेक्षित मृत्यू येतात पावणेचोपन्न. प्रत्यक्षात झाले ५०, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी. "प्रत्यक्ष भागिले अपेक्षित" हे गुणोत्तर "अ" चे १.१५ आणि "ब" चे ०.९३ येते. एकाहून जास्त म्हणजे काळजीचे, एकाहून कमी म्हणजे समाधानाचे. जगभर रुग्णालयांची तुलना करण्याची जी पद्धत वापरतात तिचे सार इतकेच आहे. प्रत्यक्षात दोनऐवजी वय, झटक्याचा प्रकार, पूर्वीचे आजार असे अनेक वर्ग धरतात आणि गणित संगणक करतो.

तीव्रता मोजायची कशी?

"आमच्याकडे गंभीर रुग्ण येतात" हे तर प्रत्येकच रुग्णालय म्हणेल. म्हणून तीव्रतेलाही मोजपट्टी हवी. अर्धांगवायूसाठी अशी एक पट्टी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्यात शून्यापासून ४२ पर्यंत गुण असतात. रुग्ण शुद्धीवर आहे का, सांगितलेले कळते का, डोळे दोन्ही बाजूंना वळतात का, चेहरा वाकडा झाला आहे का, हात व पाय उचलून धरता येतात का, स्पर्श कळतो का, बोलता येते का, अशा तपासण्या खाटेजवळच काही मिनिटांत करतात. गुण जितके जास्त तितका झटका मोठा. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. शिकलेला डॉक्टर किंवा परिचारिका आणि एक छापील कागद पुरतो.

या एका आकड्याने किती फरक पडतो? २०१२ साली अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ७८२ रुग्णालयांतील गुठळीच्या झटक्याचे १,२७,९५० वृद्ध रुग्ण त्यात होते. तीस दिवसांतील मृत्यूंवरून रुग्णालयांची क्रमवारी दोनदा लावली. एकदा तीव्रतेचे गुण वगळून, एकदा धरून. तेव्हा पहिल्या यादीत वरच्या किंवा खालच्या पाचव्या हिश्शात असलेल्या रुग्णालयांपैकी २६.३ टक्क्यांची जागा बदलली. आणि ज्यांच्यावर "अपेक्षेपेक्षा वाईट" असा शिक्का बसला होता, त्यांपैकी ५७.७ टक्के रुग्णालये "अपेक्षेप्रमाणे" ठरली. म्हणजे निम्म्याहून अधिक बदनामी अस्थानी होती! पुढे ऑक्टोबर २०१६ पासून तेथील बिलाच्या नोंदींत हे गुण सांकेतिक क्रमांकाने लिहिण्याची सोय करण्यात आली.

विनयपिटकातील एक विचार

येथे आम्हास विनयपिटकातील एका प्रसंगाची आठवण होते. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. नंतर भिक्खूंची सभा घेऊन रुग्णसेवेचा नियम घालून दिला. ही कथा आपण वंदनेच्या वेळी अनेकदा ऐकली आहे.

परंतु कथेचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. तेथे तथागतांनी उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीच्या भावनेने त्याने सेवा करावी, मलमूत्र काढण्याची किळस वाटू नये, आणि धम्मकथेने रुग्णाला धीर देता यावा. त्याचबरोबर सेवा करण्यास सोपा रुग्ण कोणता आणि अवघड रुग्ण कोणता, याचीही स्वतंत्र यादी दिली आहे. म्हणजे शुश्रूषकाची योग्यता एका बाजूला आणि रुग्णाचा अवघडपणा दुसऱ्या बाजूला, अशी स्पष्ट विभागणी केली आहे. अवघड रुग्णाचे खापर शुश्रूषकावर फोडू नये आणि शुश्रूषकाची हयगय रुग्णाच्या माथी मारू नये. आज तज्ज्ञ मंडळी संगणकावर जे करतात त्याच्या मुळाशी हाच विवेक आहे, असे आम्हास वाटते.

मोजायचे केव्हापर्यंत?

दुसरा महत्त्वाचा प्रश्न मुदतीचा. केवळ रुग्णालयात झालेले मृत्यू मोजले तर एक सोपी पळवाट तयार होते. रुग्ण हाताबाहेर जातो असे दिसताच "सिव्हिलला हलवा" म्हणायचे. मृत्यू तिकडच्या वहीत पडतो, इकडची वही स्वच्छ राहते. आपल्याकडे आणखी एक प्रकार नेहमी घडतो. पैसे संपले की नातेवाईक केसपेपरवर "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत" अशी सही करतात आणि रुग्णाला घरी आणतात. तो चार दिवसांनी घरी जातो. रुग्णालयाच्या नोंदीत तो मृत नसतोच!

म्हणून न्यायाचा नियम असा की झटक्यापासून ठरावीक दिवस मोजावेत, मग मृत्यू कोठेही होवो. ही मुदत बहुधा ३० किंवा ९० दिवसांची असते. आणि हलवलेल्या रुग्णाची नोंद पहिल्या रुग्णालयाच्या नावावरही राहिली पाहिजे. यासाठी घरी फोन करून विचारपूस करावी लागते. हे काम कष्टाचे आहे, पण त्यावाचून आकड्याला अर्थ नाही.

केवळ मृत्यू नव्हे

अर्धांगवायूतून माणूस वाचतो, पण कसा वाचतो? वाचलेला माणूस पुन्हा रिक्षा चालवू लागला की कायमचा अंथरुणाला खिळला, यात कुटुंबाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. कमावता हात गेला की मुलांच्या शाळा सुटतात. म्हणून तीन महिन्यांनी रुग्णाची अवस्था शून्य ते सहा या पट्टीवर मोजतात. शून्य म्हणजे काहीही त्रास नाही, पाच म्हणजे पूर्ण परावलंबी आणि सहा म्हणजे मृत्यू.

याखेरीज, परिणाम बाजूला ठेवून प्रत्यक्ष कामाचे मोजमाप करता येते. रुग्ण दारात आल्यापासून किती मिनिटांत सीटी स्कॅन झाला? इंजेक्शनला पात्र असलेल्या रुग्णाला ते किती मिनिटांत मिळाले? तोंडावाटे पाणी देण्याआधी गिळण्याची तपासणी झाली का? (ती न झाल्यास अन्न-पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.) अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग आणि शिकलेल्या परिचारिका आहेत का? फिजिओथेरपी केव्हा सुरू झाली? अशा मोजमापाचा मोठा फायदा असा की त्यात रुग्णाच्या तीव्रतेचा अडथळा कमी येतो. गिळण्याची तपासणी गरिबाची आणि श्रीमंताची, सौम्याची आणि तीव्राची सारखीच करता येते.

इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे २०१३ सालापासून अशा कामांची रुग्णालयवार नोंद राष्ट्रीय पातळीवर होऊ लागली आणि ती जनतेसाठी प्रसिद्धही होऊ लागली. अमेरिकेत २०१० साली, रुग्ण दारात आल्यापासून ६० मिनिटांत इंजेक्शन देण्याची मोहीम निघाली. त्यात सहभागी रुग्णालयांत ही वेळ पाळल्या गेलेल्या रुग्णांचे प्रमाण मोहिमेपूर्वी २६.५ टक्के होते, ते नंतरच्या काळात ४१.३ टक्के झाले. लंडनमध्ये २०१० साली अर्धांगवायूच्या सर्व रुग्णांना आठ खास केंद्रांत नेण्याची व्यवस्था झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की इतर शहरी भागांच्या तुलनेत लंडनमधील ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण आणखी १.१ टक्क्यांनी घटले. त्याच सुमारास मँचेस्टर भागात फक्त चार तासांच्या आत आलेल्यांनाच खास केंद्रात नेत. तेथे मृत्यूंत तशी विशेष घट आढळली नाही. न्याय्य मोजमाप झाले म्हणूनच कोणती व्यवस्था बरी, हे कळू शकले.

लहान आकडे आणि ३१ मार्च

आणखी दोन धोके सांगितले पाहिजेत. पहिला योगायोगाचा. समजा, एका छोट्या रुग्णालयात वर्षाला २५ रुग्ण येतात आणि अपेक्षित मृत्यू ५ आहेत. उपचारांत काडीचाही बदल नसताना एखाद्या वर्षी २ मृत्यू होतील, एखाद्या वर्षी ८ होतील. म्हणजे एकदा ८ टक्के आणि एकदा ३२ टक्के! नाणे दहा वेळा उडवून सात वेळा छापा पडला म्हणून कोणी नाण्याला खोटे म्हणत नाही. याउलट हजार रुग्ण असलेल्या रुग्णालयात २०० मृत्यू अपेक्षित असतील, तर योगायोगाने ते बहुधा १७५ ते २२५ यांच्या दरम्यानच राहतील. म्हणून लहान रुग्णालयाचा एका वर्षाचा आकडा पाहून शिक्का मारू नये. अनेक वर्षांचे आकडे एकत्र करावेत आणि एका आकड्याऐवजी "इतक्यापासून इतक्यापर्यंत" अशी मर्यादा छापावी. पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लावण्यापेक्षा "अपेक्षेप्रमाणे", "अपेक्षेपेक्षा चांगले" आणि "चौकशी आवश्यक" असे तीन गट केलेले बरे.

दुसरा धोका लबाडीचा. बँकेत काम करणाऱ्यांना ३१ मार्च ठाऊक असतो. त्या दिवशी शाखेची ठेव फुगते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओसरते. ज्या आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा अवलंबून असते, तो आकडा सजवला जातो, हा मनुष्यस्वभाव आहे. रुग्णालयातही तीव्रतेचे गुण वाढवून लिहिता येतात. अत्यवस्थ रुग्णाला "खाट नाही" म्हणून परत पाठवता येते. यावर उपाय तोच, जो बँकेत असतो. नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा. म्हणजे बाहेरच्या लेखापरीक्षकाने काही केसपेपर अचानक काढून तपासावेत, आणि किती रुग्ण नाकारले याचीही नोंदवही असावी.

गरिबीचे काय करावे?

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत कळीचा प्रश्न. वय धरले, तीव्रता धरली, मग रुग्णाची गरिबीही हिशेबात धरावी काय?

एक बाजू म्हणते, धरावी. कारण गरीब रुग्ण उशिरा येतो, त्याचा रक्तदाब वर्षानुवर्षे तपासलेला नसतो, घरी गेल्यावर औषधे व मालीश-व्यायाम परवडत नाही. अशा रुग्णांची सेवा करणाऱ्या रुग्णालयास दोष देऊन त्याचे अनुदान कापले, तर नुकसान पुन्हा गरिबांचेच. दुसरी बाजू म्हणते, धरू नये. कारण "गरिबांचे मृत्यू जास्तच असणार" असे एकदा गणितात बसवले की गरिबांना मिळणारे निकृष्ट उपचारसुद्धा "अपेक्षेप्रमाणे" ठरतात. अन्यायालाच मोजपट्टी मानल्यासारखे ते होईल. अमेरिकेत यावर दीर्घ वाद झाला. तेथील नॅशनल क्वालिटी फोरम या संस्थेचे धोरण आधी असे घटक धरू नयेत असे होते. २०१४ साली तिच्या तज्ज्ञ समितीने योग्य त्या ठिकाणी ते धरावेत अशी शिफारस केली.

आमच्या अल्पमतीप्रमाणे या दोन्ही बाजूंत सत्य आहे आणि म्हणून तक्ते दोन हवेत. पहिला तक्ता रुग्णालयासाठी. त्यात दारात आलेल्या रुग्णाची अवस्था, म्हणजे तीव्रता, वय व झटक्याचा प्रकार, धरून हिशेब करावा. गरीब रुग्ण उशिरा व वाईट अवस्थेत आला, तर ते त्याच्या गुणांत उतरतेच. त्याचा दोष डॉक्टरला लागत नाही. परंतु दारातून आत आल्यानंतर गरीब आणि श्रीमंत यांच्यासाठी अपेक्षा एकच असावी, तेथे सवलत नाही. दुसरा तक्ता समाजासाठी व शासनासाठी. त्यात काहीही वजावट न करता, कोणत्या वस्तीतील, कोणत्या तालुक्यातील, कोणत्या समाजघटकातील किती रुग्ण वेळेत पोहोचले आणि किती वाचले, हे उघडे मांडावे. पहिला तक्ता रुग्णालयाला जाब विचारील, दुसरा रस्ते, रुग्णवाहिका, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि राज्यकर्ते यांना. एकाच तक्त्यात दोन्ही कोंबले की कोणीच जबाबदार राहत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. ते भावनेवर न थांबता आकडे व पुरावे घेऊन बोलत. आरोग्याच्या हक्काची मागणी करतानाही आपण तीच रीत धरली पाहिजे.

आपण काय करावे?

असे दोन तक्ते हाती येईपर्यंत सामान्य माणसाने काय करायचे? काही गोष्टी आजही आपल्या हातात आहेत.

१) तोंड अचानक वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी तत्काळ १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. डॉक्टर प्रथम तेच विचारतात.

२) रुग्णाला पाणी, चहा किंवा गोळी देऊ नये. मालीश, झाडपाला, देवऋषी यांत एक मिनिटही घालवू नये.

३) आपल्या मंडळाने शांततेच्या काळातच आसपासच्या रुग्णालयांची माहिती काढून ठेवावी. सीटी स्कॅन रात्री चालू असतो काय? गुठळीचे इंजेक्शन तेथे देतात काय? अर्धांगवायूसाठी वेगळा विभाग आहे काय? शासकीय आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे काय? ही यादी विहाराच्या फलकावर लावावी. "तिथे माणसे मरतात" या वाक्यापेक्षा हे चार प्रश्न अधिक उपयोगी आहेत.

४) मृत्यूचा आकडा कोणी सांगितला तर उलट विचारावे : किती रुग्णांपैकी? कोणत्या अवस्थेत आलेल्या? किती दिवसांपर्यंत मोजलेले? हलवलेले व घरी नेलेले धरून की वगळून? या चार प्रश्नांची उत्तरे नसतील, तर तो आकडा निंदेसाठीही वापरू नये आणि जाहिरातीसाठीही नाही.

५) लोकप्रतिनिधींना व आरोग्य खात्याला निवेदन देताना नुसत्या इमारतीची मागणी करू नये. प्रत्येक अर्धांगवायू रुग्णाचे तीव्रतेचे गुण केसपेपरवर लिहिले जावेत आणि तीन महिन्यांनी त्याची विचारपूस व्हावी, ही मागणीही करावी. तिला खर्च थोडा आणि लाभ मोठा आहे.

ऐकीव गोष्टीवर, बहुसंख्यांच्या मतावर किंवा मोठ्या नावावर विसंबून न राहता स्वतः पारखून घ्या, अशी तथागतांची कालामांना शिकवण होती. जे सरकारी रुग्णालय सर्वांनी नाकारलेल्या रुग्णाला आत घेते, ते नुसत्या टक्केवारीमुळे बदनाम होऊ नये. आणि जे रुग्णालय खरोखरच हयगय करते, ते "आमचे रुग्णच गंभीर" या सबबीआड लपू नये. असे मोजमाप आपल्या जिल्ह्यात सुरू व्हावे यासाठी पहिले निवेदन या वर्षी आपल्याच मंडळाकडून जावे, एवढी विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!